अंगठा जिकडे

बाबांच्या लोखंडी कपाटात त्रेचाळीस वस्तू होत्या. तीन विमानं, पंख काढून उभी ठेवलेली. दोन रिमोट. अकरा बॅटऱ्या, सव्वीस प्रोपेलर आणि एक तापमापक. हा तापमापक पिस्तुलासारखा दिसतो आणि विमान उतरल्यावर मोटर किती तापली ते हात न लावता सांगतो. सुटे स्क्रू, चिकटपट्ट्या आणि गोंदाच्या वाळलेल्या नळ्या मी मोजल्या नाहीत.

यादी आईने करायला सांगितली होती. बाबांना जाऊन चौदा महिने झाले होते आणि क्लबचे सेक्रेटरी दोनदा विचारून गेले होते, की सामान नवीन मुलांना शिकायला देता का. सेक्रेटरी दातांचे डॉक्टर आहेत. क्लबात सगळे त्यांना तोंडावरसुद्धा ‘दातवाले’ म्हणतात आणि ते ओ देतात.

“उडवणारं कोणी नसेल तर नुसती धूळ खात ठेवायची कशाला?” आई म्हणाली.

काका दारातच उभा होता. बाबांचा धाकटा भाऊ, वय अठ्ठावन्न, उजव्या हाताला दोन वर्षांपासून बारीक कंप. तो म्हणाला, “वहिनी, पांढरी मी उडवतो. एकट्याने. नीट उतरवली तर कपाट इथेच राहील. पडली, तर सगळं देऊन टाका. मी चकार शब्द काढणार नाही, आणि मैदानावर पाऊलही ठेवणार नाही.”

“भाऊजी, अकरा वर्षांत तुम्ही एकदा तरी एकट्याने उडवलंय का?”

“म्हणूनच म्हणतो ना.”

पांढरी म्हणजे बाबांनी बांधलेलं शेवटचं विमान. पंखांची लांबी दीड मीटर, वजन १८६४ ग्रॅम. वजन मी केलं होतं. वजनकाटे तपासणाऱ्या प्रयोगशाळेत मी नोकरी करते, त्यामुळे घरातल्या कुठल्याही वस्तूचं वजन मला तोंडपाठ असतं असा काकाचा समज आहे. तो मला ‘शास्त्रीणबाई’ म्हणतो.

काका एकट्याने का उडवत नव्हता, ते सांगायला हवं. शिकणाऱ्याला कोणी एकदम मोकळं सोडत नाही. दोन रिमोट एकमेकांना जोडतात. एक शिकवणाऱ्याच्या हातात, दुसरा शिकणाऱ्याच्या. शिकवणाऱ्याने बटण दाबून धरलं की विमान शिकणाऱ्याचं ऐकतं. बटण सोडलं की त्याच क्षणी शिकवणाऱ्याचं. दोघांत भाषा ठरलेली असते. बाबा बटण दाबताना म्हणायचे, “दिलं.” सोडताना म्हणायचे, “घेतलं.” बहुतेक जण दोन-तीन महिन्यांत यातून सुटतात. काका अकरा वर्षं सुटला नाही. तो छान उडवायचा, पण विमान उतरवायची वेळ आली की त्याचे अंगठे थिजायचे आणि शेजारून आवाज यायचा, “घेतलं.” बाबा त्यावरून कधी बोलले नाहीत. दातवाले बोलायचे. “काय हो, अजून पाळण्यातच का?”

पांढरीची एक दुरुस्ती बाकी होती. पंखांच्या मागच्या कडेला दोन हलत्या पट्ट्या असतात. एक वर जाते तेव्हा दुसरी खाली जाते आणि विमान एका अंगावर कलून वळतं. त्या पट्ट्या हलवणारी काडेपेटीएवढी मोटर, म्हणजे सर्वो, जळला होता. बाबा गेले त्याच आठवड्यात त्यांनी तो उघडून ठेवला होता. नवीन आणून बसवायचं काम माझ्याकडे आलं. पट्ट्यांबद्दल बाबांचा एकच नियम होता आणि तो मला बाराखडीच्या आधी पाठ झाला असावा: अंगठा जिकडे, पट्टी तिकडची वर. रिमोटवरची उजवी स्टिक, म्हणजे अंगठ्याने हलवायची छोटी दांडी, उजवीकडे नेली तर उजवी पट्टी वर उठली पाहिजे. उलट झालं तर उजवीकडे वळायला जाल आणि विमान डावीकडे कलेल. तुम्ही घाबरून आणखी उजवीकडे ओढाल, ते आणखी डावीकडे पडेल. जमिनीपर्यंत जायला चार सेकंद पुरतात. पट्ट्या उलट जोडलेलं विमान उडवून सुखरूप उतरवलेला माणूस मी पाहिलेला नाही, आणि क्लबातही कोणी पाहिलेला नाही.

आठवडाभर संध्याकाळी मी सर्वो बसवत होते आणि काका शेजारच्या स्टुलावर बसून कोरडी उड्डाणं करत होता. आपला रिमोट मांडीवर, बंद, डोळे मिटलेले, फक्त अंगठे चालू. “आता उचललं... आता वळलो... वारा मागून... गती कमी...” आणि इथे तो थांबायचा, डोळे उघडायचा.

“पुढे?” मी विचारलं.

“पुढचं दादाचं,” तो म्हणाला आणि मग स्वतःच ओशाळला. “सवय गं.”

बाबांचा रिमोट कपाटातच होता. दोन्ही रिमोट एकाच बनावटीचे. बाबांच्या रिमोटमधले चार सेल मी चौदा महिन्यांपूर्वीच काढून ठेवले होते, कारण पडून राहिलेले सेल पाझरतात. त्याची डावी स्टिक, म्हणजे मोटरची गती वाढवायची, तळाला होती. यादीत मी तशी नोंदही केली होती. ही स्टिक सोडल्यावर परत येत नाही. ती खटक्याखटक्याने वर जाते आणि ठेवाल तिथे राहते.

मंगळवारी सकाळी गोंद काढायला कपाट उघडलं तर ती तळाला नव्हती. खटके मोजले. नऊ.

टेबलावर काकाचा रिमोट होता, आदल्या संध्याकाळी तो थांबला तसाच. सहज म्हणून त्याचेही मोजले. नऊ.

“काका, बाबांच्या रिमोटवर सराव करतोस का?”

“मी कशाला हात लावू त्याला? आणि किल्ली तुझ्या पाकिटात.”

ते खरं होतं. आईला विचारलं. ती भांडी पुसत होती. “मी त्या कपाटाच्या वाटेलाही जात नाही,” ती म्हणाली, आणि मग जरा थांबून, “का गं?”

“काही नाही.”

मी स्टिक तळाला आणून ठेवली. त्या संध्याकाळी काका सात खटक्यांवर थांबला. मी पाहून ठेवलं. बुधवारी सकाळी कपाटात सात. एकदा झालं तर योगायोग, दोनदा झालं तर प्रयोग करावा, असं आम्हाला शिकवलेलं आहे. मी स्टिक पुन्हा तळाला आणली आणि तिच्यावर कागदी चिकटपट्टी लावून टाकली. गुरुवारी सकाळी पट्टी जशीच्या तशी, स्टिक तळाला. मला केवढं हायसं वाटलं. दुपारी लक्षात आलं, की बुधवारी पाहुणे आल्यामुळे काका आलाच नव्हता. प्रयोग फुकट गेला होता. मी पट्टी काढून टाकली आणि पुढे मोजायचं नाही असं ठरवलं. ठरवलं, तरी शनिवारी संध्याकाळी काका सहावर थांबला हे दिसलंच, आणि रविवारी सकाळी निघताना कपाटात सहा होते हेही दिसलं. तशीच ठेवून मी कपाट लावलं.

मैदान म्हणजे बंद पडलेल्या काचेच्या कारखान्यामागची सपाट जमीन. एका बाजूला धावपट्टीपुरतं गवत कापलेलं, दुसऱ्या बाजूला तारेचं कुंपण आणि एक लांब बाक. कडेच्या मातीत अजून हिरव्या काचेचे तुकडे सापडतात. आम्ही साडेनऊला पोहोचलो. वारा धावपट्टीला सरळ, मंद. बाकावर दातवाले आणि आणखी तिघे होते.

“आज पाळण्यातून बाहेर का?” दातवाले म्हणाले.

“तुमच्या खुर्चीत बसण्यापेक्षा हे सोपं आहे,” काका म्हणाला. पण त्याचा हात थरथरत होता, आणि ते दातवाल्यांनाही दिसलं असावं. उठून त्यांनी बाकावरच्या तिघांना कुंपणामागे नेलं.

उड्डाणाआधी पट्ट्या तपासतात. उडवणारा स्टिक हलवतो, मदतनीस विमानाच्या मागे, शेपटीकडे उभा राहून सांगतो. नेहमी मागे. हाही बाबांचा नियम, कारण समोरून पाहणाऱ्याचं उजवं हे विमानाचं डावं असतं. मला हे माहीत होतं. पण निघताना आई म्हणाली होती, “मी येत नाही, मला बघवणार नाही. पण भाऊजींचा चेहरा मला दाखव.” चेहरा दिसायचा तर समोरून पाहायला हवं होतं. मी फोन धरून विमानाच्या नाकासमोर उभी राहिले, चित्रीकरण सुरू केलं.

“उजवं,” काका म्हणाला.

माझ्या उजव्या हाताकडची पट्टी वर गेली.

“बरोबर.”

“डावं.”

“बरोबर.”

काकाने पांढरी धावपट्टीवर ठेवली, मागे येऊन उभा राहिला आणि गती वाढवण्याआधी क्षणभर थांबला. तो कशाची वाट पाहतोय ते मला कळलं. अकरा वर्षं त्या जागी एक शब्द ऐकू यायचा. वाऱ्याचा आवाज येत होता. मग त्याने मान हलवली, जणू स्वतःलाच, आणि पांढरी धावू लागली.

ती सुरेख उठली. पंख किंचितही न डगमगता झाडांच्या उंचीवर गेली, तिथे तिने उजवीकडे पहिलं वळण घेतलं, आणि कुंपणामागून कोणीतरी शीळ घातली.

“वहिनीला सांग,” काका आभाळावरची नजर न काढता म्हणाला, “सांग की अजून वरच आहे.”

मी आईला पाठवायला फोनवर पट्ट्या तपासतानाचं चित्रीकरण उघडलं. पाठवण्याआधी एकदा पाहिलं. चित्रात काका विमानामागे उभा, तोंड माझ्याकडे, रिमोट छातीशी. तो “उजवं” म्हणतो आणि त्याचा अंगठा चित्राच्या एका कडेला जातो. पट्टी वर उठते ती दुसऱ्या कडेची.

पुन्हा पाहिलं. अंगठा एकीकडे. पट्टी दुसरीकडची वर.

नवीन सर्वो जुन्याच्या उलट दिशेने फिरणारा होता. मी समोर उभी राहिले होते. चूक माझी, दोनदा.

वर पाहिलं. पांढरी दुसरं वळण घेत होती, उजवीकडे, शांतपणे.

सांगावं, तर काय सांगावं? “काका, पट्ट्या उलट आहेत” म्हटलं असतं तर त्याचे अंगठे उलटे चालले असते, आणि विमान तर सरळ चालत होतं. ते का चालत होतं, ते मला कळत नव्हतं. कळत नसलेल्या गोष्टीला मध्येच हात लावायचा नाही, एवढं मला कळत होतं.

“काय गं, चेहरा का उतरला?” दातवाले कुंपणापाशी आले होते.

“ऊन आहे.”

मी काकाच्या मागे जाऊन उभी राहिले, एक पाऊल उजवीकडे, जिथून त्याचे दोन्ही अंगठे दिसतात. शेपटीचं सुकाणू डाव्या स्टिकवर असतं. तेवढ्यावरही विमान कसंबसं वळवता येतं. म्हणून आधी डावा अंगठा पाहिला. तो फक्त वर-खाली होत होता. बाजूला अजिबात नाही.

मग उजवा.

उजवा अंगठा उजवीकडे. पांढरी उजवीकडे.

उजवा अंगठा डावीकडे. पांढरी डावीकडे.

मी अशी चौदा वळणं मोजली.

सातव्या मिनिटाला काकाच्या रिमोटने बॅटरी संपत आल्याची सूचना दिली. काकाने ओठ घट्ट मिटले. “आता वारा मागून,” तो पुटपुटला. “गती कमी.” पांढरी धावपट्टीच्या टोकाशी आली, वळली, आणि नाक खाली करून आमच्याकडे येऊ लागली.

इथे तो नेहमी थांबायचा.

त्याचा उजवा अंगठा थरथरत होता. मला तो स्पष्ट दिसत होता. स्टिकसुद्धा त्याच्यासोबत डुगडुगत होती.

पांढरी डुगडुगत नव्हती.

ती एका सरळ रेषेत खाली आली. दोन मीटर. एक. गवतावर तिची सावली तिला येऊन मिळाली, चाकं टेकली, आणि ती थोडी धावून आमच्यापासून दहा पावलांवर थांबली.

मग दातवाल्यांनी टाळी वाजवली, एकच, आणि त्यानंतर सगळ्यांनी. काका खाली गवतातच बसला. तो हसत होता आणि बाहीने डोळे पुसत होता.

“एकदाही घेतलं नाही गं त्याने,” तो म्हणाला. “सबंध वेळ मी ऐकत होतो. एकदासुद्धा ‘घेतलं’ म्हणाला नाही.”

दातवाले त्याच्याशेजारी बसले. “उद्यापासून मुलांना तुम्हीच शिकवायचं,” ते म्हणाले. “माझी कंबर उभं राहून मोडते.”

“आधी दात दुरुस्त करायला शिकवा, मग बघू.”

ते दोघं बोलत असताना मी काकाच्या हातातून रिमोट घेतला आणि विमानापाशी गेले. मागे, शेपटीकडे उभी राहिले. स्टिक उजवीकडे. उजवी पट्टी खाली गेली. स्टिक डावीकडे. डावी पट्टी खाली. सर्वोचा हात घट्ट होता, तार सरळ होती, काहीही निसटलं नव्हतं. तीन वेळा करून पाहिलं. तिन्ही वेळा उलट. मग रिमोटमधली दिशा बदलली, पुन्हा तपासलं. अंगठा जिकडे, पट्टी तिकडची वर. रिमोट बंद केला.

चार सेकंदांत जे संपायला हवं होतं, ते समोर गवतावर अखंड उभं होतं, आणि पलीकडे काका दातवाल्यांना आपलं चौथं वळण हातांनी दाखवत होता. त्या क्षणी मला आणखी काही जाणून घ्यायचं नव्हतं. काकाला मी अजून सांगितलेलं नाही.

परतीच्या वाटेवर तो गाडीत सबंध वेळ बोलत होता. घरी पोहोचलो तेव्हा पाऊण तास झाला होता. आईने दार उघडलं. निघताना मी पाठवलेलं चित्रीकरण उघडून फोन तिच्या हातातच होता.

“भाऊजी, चेहरा बघा तुमचा! परीक्षेच्या पेपराला बसल्यासारखा.”

“पास झालो, वहिनी.”

आईने त्याच्याकडे बघितलं, मग पांढरीकडे, मग माझ्याकडे. “ती यादी फाडून टाक,” ती म्हणाली आणि आत चहा ठेवायला गेली. आत तिने नळ बराच वेळ चालू ठेवला होता.

मी सामान कपाटात ठेवायला गेले. वापरलेली बॅटरी गरम असताना आत ठेवत नाहीत, म्हणून तापमापक काढला. बॅटरी २७.१. मोटर २५.८. दोन्ही निवलेल्या. बॅटरी पिशवीत ठेवली, पिशवी खालच्या खणात.

वरच्या खणात बाबांचा रिमोट होता. सकाळी त्याची डावी स्टिक सहा खटक्यांवर होती. आता ती तळाला होती.

सेलची जागा उघडून पाहिली. रिकामी.

तापमापक हातातच होता. चकचकीत धातूवर तो खोटं बोलतो. पण बाबांनी दोन्ही स्टिकच्या टोकांना काळी कापडी पट्टी गुंडाळली होती, घामाने अंगठा घसरू नये म्हणून. काळ्या कापडावर तो अर्ध्या अंशापर्यंत खरा असतो. मी तो आमच्या प्रयोगशाळेत तपासून आणला आहे; माझा स्वतःचा अंगठा तो साडेतेहतीसच्या आसपास दाखवतो. एवढ्याशा धातूचं टोक तापलं तरी दोन-तीन मिनिटांत खोलीइतकं निवतं.

कपाटाचं दार २४.२. रिमोटचा डबा २४.२. डावी स्टिक ३३.५. उजवी ३३.८.

मी कपाट लावलं, स्टुलावर बसून पाच मिनिटं थांबले. स्वयंपाकघरात काका आईला उतरण सांगत होता. मग कपाट उघडलं आणि पुन्हा मोजलं.

दार २४.२. डबा २४.२. डावी ३३.६. उजवी ३३.९.